सेकंदाला वीस फोटो

सासरवाडीत पंगतीला बसलेल्या जावयानं खाली मान घालून जेवावं, फार बोलू नये. ज्ञानेशला हे लग्न झाल्यापासून पाठ होतं. पण त्या दिवशी पुरणपोळी जरा जास्तच झाली, तूप डोक्यापर्यंत चढलं, आणि समोर नेमका साडू दत्ता बसला होता. दत्ता समोर असला की ज्ञानेशची जीभ त्याच्या ताब्यात राहत नसे.

विषय गुलब्याचा निघाला होता. गुलब्या म्हणजे ज्ञानेशच्या सासऱ्यांचा, मांडवगण फराट्याच्या सर्जेराव आबांचा शर्यतीचा बैल. आबांनी त्याला वासरू असल्यापासून हातानं कणकेचे गोळे चारून वाढवलेला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, गाडा सुटला की गुलब्या पळत नाही, उडतो, असं सगळा शिरूर तालुका म्हणायचा. (दौंडवाले म्हणायचे नाहीत, पण त्यांचं सोडा.) आता त्याचं वय झालं होतं. यंदाच्या जत्रेतली बारी, म्हणजे घाटातली धाव, ही त्याची शेवटची, त्यानंतर गोठ्यात बसून नुसती पेंड खायची, असं आबांनी जाहीर केलं होतं. आणि एवढ्या वर्षांत त्याचा एक धड फोटो कुणाला काढता आला नव्हता. होते ते सगळे मोबाइलचे. एकात धूळ, एकात शेपूट, एकात कुणाची तरी टोपी.

"मला एकच फोटू पायजे," आबा हातातला घास तसाच धरून म्हणाले. "निशाणापाशी, बारी संपती तिथं. गुलब्याचं चारी पाय जमिनीच्या वर. बास. मग मी डोळं मिटलं तरी चालंल."

"जेवताना आसलं बोलू नगा," सासूबाई गिताबाई म्हणाल्या.

"आबा, पुण्याचा फोटोग्राफर आणतो की," दत्ता म्हणाला. "माझ्या वळखीचा हाय. काळजीच सोडा."

कासुर्डीचा दत्ता हायवेला लागून शेवंती पिकवायचा आणि सासऱ्याला दर दिवाळीला काहीतरी डोळ्यात भरणारं आणून द्यायचा. आबांच्या घरात नजर टाकाल तिथं दत्ता होता. फ्रीज दत्ताचा, टीव्ही दत्ताचा, पाहुणे बसतात तो सोफाही दत्ताचा. ज्ञानेशनं दिलेलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. ते बंद पडलं होतं आणि कुणी सेलही बदलत नव्हतं.

"पुण्याचा कशाला?" ज्ञानेश बोलून गेला. "मी काढतो की!"

सगळी पंगत थांबली. आमटी वाढायला वाकलेली सुवर्णा तशीच वाकून नवऱ्याकडं बघत राहिली.

"कशानं? मोबाइलनं?" दत्ताला हसू फुटलं.

"कॅमेरा घेतोय मी. मोठा." (हा निर्णय ज्ञानेशला स्वतःलाही त्याच वेळी कळला.)

आबांचा चेहरा मात्र उजळला. "व्हय? मग ठरलं तर! चौकात फ्लेक्स लावायचा. वर गुलब्या आन् खाली जावयाचं नाव. छायाचित्रकार ज्ञानेशराव. शब्द दिला बघा तुम्हाला!"

झालं. शिरूरला घराच्या दारात गाडीवरून उतरल्यावर सुवर्णा म्हणाली, "अहो, तुम्ही आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला माझा फोटो काढला होता, त्यात माझं डोकं नव्हतं."

"त्यो मोबाइलचा दोष होता," ज्ञानेश म्हणाला.

पुढच्या रविवारी ज्ञानेश दौंडला गेला. तिथल्या भिमा फोटोवाल्यानं आता ड्रोन घेतला होता आणि लग्नातला जुना कॅमेरा त्याला काढून टाकायचा होता. भिमानं कॅमेरा हातात दिला आणि म्हणाला, "बटण दाबून धरा." ज्ञानेशनं दाबलं. खर्रर्रर्र! समोरून चाललेल्या रिक्षाचे क्षणात इतके फोटो निघाले की आतल्या पॅसेंजरची जांभई सुरू होण्यापासून संपेपर्यंत सगळी सापडली.

"सेकंदाला वीस!" भिमा म्हणाला.

ज्ञानेशच्या अंगावर काटा आला. सेकंदाला वीस! गुलब्या घाट चढेपर्यंत किती फोटो होतील याचा हिशेब करता करता त्याचा श्वास फुलला. एवढ्यात एका तरी फोटोत बैलाचे चारी पाय वर सापडणार नाहीत? सापडायलाच पाहिजेत! त्याला आत्ताच चौकातला फ्लेक्स दिसायला लागला, आणि फ्लेक्सखाली तोंड पाडून उभा राहिलेला दत्ताही.

"कार्ड मात्र ह्येच घ्या," भिमानं एक छोटं कार्ड पुढं केलं. "फास्ट हाय." आणि त्यानं किंमत सांगितली.

ज्ञानेशनं कार्ड लगेच परत सरकवलं. "नखाएवढ्या वस्तूला एवढं? नको, नको. माझ्याकडं घरी हाय कार्ड. चौसष्ट जीबी."

"साहेब, चौसष्ट म्हंजी गोडाऊन मोठं. मी दाराचं बोलतोय," भिमा समजावून सांगायला लागला. "आसं बघा, कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या येत्यात. तोडणी झपाझपा झाली, पन काटा हळू चालला, तर ट्रॉल्यांची रांग लागती का न्हाई? तसं ह्यात. कॅमेरा फोटू काढतो झपाझपा, ते आधी आत रांगंत थांबत्यात, मग एकेक करून कार्डात जात्यात. कार्ड हळू असलं की रांग भरली. रांग भरली की कॅमेरा गप. ह्यो लाल दिवा हाय ना, ह्यो लागला म्हंजी आत उतरवायचं काम चालू हाय. तवा नुसतं थांबायचं."

ज्ञानेशनं मान डोलावली. ज्ञानेश शिरूरजवळच्या एका कंपनीत स्टोअरला होता. माल विकणारा माणूस सोबत आणखी एक वस्तू कशी गळ्यात मारतो, हे त्याला रोजचं होतं. त्यामुळं भिमाचं सगळं बोलणं त्यानं एका कानानं ऐकलं, आणि दुसरा कान तर मोकळाच होता.

घरचं कार्ड म्हणजे आईचं. वच्छलाबाईंच्या उशाशी एक छोटा स्पीकर असे, त्यात ते कार्ड, आणि कार्डात पहाटेची भजनं. ज्ञानेशनं ते हळूच काढलं आणि अडॅप्टरच्या खोळीत घालून कॅमेऱ्यात बसवलं. बसलं! जागा भरपूर दाखवत होतं. वर फ्लेक्स मोठा करायचा म्हणून त्यानं फोटोचा साइजही सगळ्यात मोठा, एकदम जाडजूड करून ठेवला.

मग काय, घरात युद्धच सुरू झालं. सुवर्णा भाकरी थापत होती, खर्रर्र! आई देवाला फूल वाहत होती, खर्रर्र! मांजर खिडकीतून उडालं, खर्र... आणि कॅमेरा बंद. बटण दाबलं तर हू नाही की चू नाही. मागं लाल दिवा मात्र जळत होता.

"आई गं! तापला!" ज्ञानेश ओरडला.

"काय तापलं?" सुवर्णा पिठाच्या हातानं धावत आली.

"कॅमेरा! लाल झालाय बघ!"

त्यानं कॅमेरा पंख्याखाली ठेवला. लाइट गेलेली. मग इकडं तिकडं बघितलं आणि कोपऱ्यातलं आईचं सूप उचलून तो कॅमेऱ्याला वारा घालायला लागला. दोन्ही हातांनी, जीव तोडून, घाम येईपर्यंत. आणि काय आश्चर्य! वारा घालता घालता लाल दिवा विझला. बटण दाबलं, खर्रर्र!

"बघितलं?" ज्ञानेश विजयी मुद्रेनं म्हणाला. "नुसतं गार करायला लागतंय त्याला. भिमा म्हणं कार्ड घ्या, कार्ड घ्या! लुटायला बसलेत लोक."

"अहो, पण त्या माणसाला एकदा फोन तरी करून विचारा की."

"फोन कशाला? उपाय घावला की आपल्याला."

जत्रेपर्यंत त्यानं तो उपाय पुन्हा पुन्हा करून बघितला. दर वेळी कॅमेरा गप व्हायचा, दर वेळी ज्ञानेश सुपानं वारा घालायचा, आणि दर वेळी दिवा विझायचा. (वारा न घालता काय होतं, हे बघायचं मात्र त्याला एकदाही सुचलं नाही.) जत्रेला निघताना त्यानं गळ्यात कॅमेरा अडकवला आणि सूप पिशवीत घातलं.

"सूप कुठं चाललंय रं जत्रंला?" वच्छलाबाईंनी विचारलं. "आन् माझी भजनं का वाजंनात?"

"आल्यावर सांगतो, आई!"

घाटाच्या दोन्ही बाजूंनी माणूस मावत नव्हता. झाडावर पोरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बायका, गुलालाची पोती फुटायला टेकलेली. आबांनी तर जावयासाठी पंच कमिटीत शब्दच टाकला होता, त्यामुळं माइकवाला घसा खरवडून सांगत होता, "निशाणापाशी कुणी थांबू नका! फक्त घड्याळवाले पंच, आन् सर्जेराव आबांचे फोटोग्राफर जावई!" हजारो माणसं ज्ञानेशकडं बघत होती. त्यानं उगीचच कॅमेरा डोळ्याला लावून आकाशाचा फोटो घेतला. पलीकडं दत्ता गुलब्यासाठी शेवंतीचा हार घेऊन उभा होता. त्याचा चेहरा बघून ज्ञानेशला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. दत्ताच्या मागं ट्रॉलीवर सुवर्णा बायकांना सांगत होती, "ते निशाणापाशी हाय ना, ते आमचे हे." तिलाही आज भरून आलं होतं.

तेवढ्यात आबा गर्दीतून वाट काढत आले. अंगात नवा शर्ट, कपाळाला भंडारा. ज्ञानेशचा हात हातात घेऊन म्हणाले, "जावयबापू, पुन्यांदा ह्यो दिस न्हाई बरं का. तुमच्यावर भिस्त हाय."

"आबा, तुम्ही बिनघोर राहा! सेकंदाला वीस!"

आबांच्या आधी दौंडच्या एका मंडळाची बारी होती. ज्ञानेशच्या मनात आलं, गुलब्याच्या आधी जरा हात साफ करून घ्यावा. भिर्रर्रर्र! गाडा सुटला, पुढं घोडी, मागं बैल, धुळीचा लोट निशाणाकडं यायला लागला आणि ज्ञानेशनं बटण दाबून धरलं ते धरलंच. खर्रर्रर्रर्र! काय फोटो होते! दौंडच्या बैलांचे डोळे, शिंगं, खुरांनी उडवलेली ढेकळं, चारी पाय वर, सगळं सगळं सापडलं. ज्ञानेश आनंदानं जागेवर उडी मारणार तोच कॅमेरा गप झाला.

लाल दिवा.

"हरकत न्हाई," तो स्वतःशी म्हणाला. दोन बाऱ्यांमध्ये गाडा जुंपायला वेळ लागतोच. पण आबांची माणसं आधीपासून जुंपून तयार होती! माइकवाला ओरडला, "आता येतोय घाटाचा बादशहा! मांडवगणच्या सर्जेराव आबांचा गुलब्या! शेवटची बारी, मंडळी, शेवटची बारी!" सगळा घाट उठून उभा राहिला. शिट्ट्या, हलगी, आरडाओरडा. ज्ञानेशनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. दिवा जळतोय तो जळतोय.

त्यानं पिशवीतून सूप काढलं.

धूळ लागू नये म्हणून तो घाटाकडं पाठ करून गुडघ्यावर बसला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि वारा घालायला लागला. हळू, मग जोरात, मग बाईच्या अंगात आल्यासारखा. "विझ की रं! विझ की! तुझ्या पाया पडतो!" तिकडं भिर्रर्रर्र झालं. गाडा सुटला! जमीन हादरायला लागली. ज्ञानेशला वळून बघायचं होतं, पण दिव्यावरची नजर हलवायचा धीर होईना. आता विझेल, आता विझेल! खुरांचा आवाज कानाशी आला, मानेवर गरम फुंकर बसली, पाठीवर ढेकळं आदळली, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी उठली, "बारी झालीऽऽऽ!"

ज्ञानेश कॅमेरा घेऊन गर्रकन वळला. गुलब्याची शेपूट धुळीत दिसेनाशी होत होती. त्यानं जिवाच्या आकांतानं बटण दाबून धरलं, आणि नेमका त्याच वेळी दिवा विझला. खर्रर्रर्रर्र! कॅमेरा असा सुटला की थांबेना. आणि त्याच्यासमोर हार उडवत, तोंड वासून, एक पाय वर करून नाचत होता दत्ता.

घाटात नुसता गुलाल झाला. गुलब्याची बारी त्या दिवशीची सगळ्यात वेगवान ठरली होती. आबा म्हातारपण विसरून नाचत होते, रडत होते, दिसेल त्याला मिठी मारत होते. ज्ञानेशला तर त्यांनी उचलायचंच बाकी ठेवलं. "बघितलं का, जावयबापू? चारी पाय वर हुतं! तुमच्या डोक्यावरनं उडाला की वो! घावला ना फोटू?"

"चला, घरी... घरी दाखवतो, आबा," ज्ञानेश म्हणाला.

घरी बैठकीत मुंगीला जागा नव्हती. ज्ञानेशनं पाणी मागितलं, चहा मागितला, पोटात दुखतंय म्हणून बघितलं, पण दत्तानं कार्ड काढून रीडरमधून (दत्ताच्याच) टीव्हीला लावलंही. आधी सुरू झालं भजन. गिताबाईंनी भक्तिभावानं हात जोडले. मग सुवर्णाच्या भाकरीचे फोटो, एकाच भाकरीचे, मोजवेनात इतके. मग मांजर. मग आकाश. मग दौंडचे बैल. बैठकीत कुजबुज व्हायला लागली. "ह्ये तर दौंडवाल्यांचं!" आणि मग आला दत्ता. तोंड मिटलेला दत्ता, तोंड थोडं उघडलेला दत्ता, तोंड पूर्ण उघडलेला दत्ता, एक पाय उचलणारा दत्ता. एका फोटोत तर उडी मारल्यानं त्याचे दोन्ही पाय जमिनीच्या वर होते.

"आन् गुलब्या?" आबांनी विचारलं.

टीव्हीवर दत्ता नाचत राहिला.

"आबा," ज्ञानेश उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "न्हाई घावला. कॅमेरा बंद पडला हुता. मी... मी वारा घालत हुतो."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गोठ्याच्या बाजूला बघत बसले. ज्ञानेशला वाटलं, आत्ताच्या आत्ता निघावं आणि शिरूरपर्यंत पायी चालत जावं.

"आबा," दाराशी उभी असलेली सुवर्णा म्हणाली. "माझ्याकडं हाय एक. पन मी गुलब्याचा काढतच नव्हते. मी ह्यांचा काढत हुते. म्हटलं, एवढ्या माणसांत आपला नवरा निशाणापाशी हाय, एक फोटू असू द्यावा. एकदाच दाबलं."

तिनं मोबाइल बापाच्या हातात दिला.

आबांनी तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. फोटोत गुलब्या होता. आख्खा. मान ताणलेली, डोळे निशाणावर, आणि चारीच्या चारी पाय जमिनीच्या वर. खाली धुळीचा ढग, वर आभाळ. असा फोटो सात जन्मांत सापडायचा नाही! आणि त्याच फोटोत, गुलब्याच्या उडत्या पायांपलीकडं, मधोमध, गुलब्याकडं पाठ करून एक माणूस जरा तिरका गुडघ्यावर बसला होता आणि मांडीवरच्या कॅमेऱ्याला सुपानं वारा घालत होता.

आधी गिताबाईंना हसू फुटलं. मग दत्ताला. मग आबा डोळे पुसता पुसता असे हसायला लागले की त्यांना पाणी पाजावं लागलं. "भरून पावलो!" ते म्हणाले. "लेकी, भरून पावलो! फ्लेक्स ह्याचाच!"

ज्ञानेशनं एक शेवटचा प्रयत्न केला. "आबा, त्यो माणूस कापायला सांगा की फ्लेक्सवाल्याला."

फ्लेक्सवाल्यानं करून बघितलं. पण ज्ञानेशचं डोकं आणि गुलब्याचा पुढचा खूर एकमेकांना इतके चिकटले होते, की माणूस कापला तर बैल लंगडा होत होता. "मग ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "गुलब्याच्या पायाला कातर लावायची न्हाई. जावई बी ऱ्हाऊ द्या."

"मग खाली नाव तरी सुवर्णाचं टाका, आबा."

"आरं वा! तुमचं टाकीन म्हणून शब्द दिलाय मी. सर्जेराव शब्द फिरवत न्हाई!"

आईचं कार्ड ज्ञानेशनं तिच्या स्पीकरमध्ये परत बसवलं, तर भजनं सगळी धड होती. मग तो गुपचूप दौंडला जाऊन भिमाकडून फास्ट कार्ड घेऊन आला. (भिमानं ते मागायच्या आधीच काढून ठेवलं होतं. फ्लेक्सचा फोटो त्याच्याही मोबाइलवर पोचला होता.) आणि पुढच्या रविवारी, गाव दुपारी झोपलेलं असेल अशा बेतानं, तो एकटाच मांडवगणच्या चौकात फ्लेक्स बघायला गेला. फ्लेक्स दोन मजल्यांएवढा होता. गुलब्या झकास दिसत होता. ज्ञानेशची पाठ त्याहून झकास दिसत होती. शर्टवरच्या घामाचे डागसुद्धा वाचता येत होते.

पारावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता.

"पाव्हणं, तुम्ही शिकल्यालं दिसताय," म्हातारा म्हणाला. "मला एक सांगा. खाली लिवलंय म्हणं, फोटू जावयानं काढला. मग ह्यो पाठमोरा बसलेला गडी कोण?"

"त्यो... जावईच असंल," ज्ञानेश म्हणाला.

"मग त्यानंच फोटू काढला कसा?"

"टायमर लावला असंल. म्हंजी कॅमेरा लांब ठिवायचा आन् आपण पळत जाऊन बसायचं."

"आसं व्हय!" म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि फ्लेक्सकडं बारीक नजरेनं बघितलं. "मग त्यो सुपानं वारा घालतोय, त्यो कॅमेरा कुणाचा?"

ज्ञानेशनं खाकरल्यासारखं केलं आणि तो गाडीकडं जायला मागं वळला.

"थांबा थांबा!" मागून म्हातारा ओरडला. "हां, आसंच! आसंच पाठमोरं ऱ्हावा... आवं, जावयबापू, तुम्हीच की वो!"